मुक्कामी एसटी टिकायची असेल तर ट्रेकर्सनी तिच्यात बसायला हवं

मा. संपादक, स.न.वि.वि.

पावसाळा लागला की भंडारदरा-कळसूबाईच्या गर्दीचे फोटो दरवर्षी येतात, रविवारी कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावाच्या रस्त्याला गाड्यांची रांग, कुणाची तरी गाडी चिखलात रुतलेली. त्यावरून लिहावंसं वाटलं, पण मला खरं तर एसटीबद्दल सांगायचंय.

मी गेली बावीस वर्षं डोंगरात फिरतोय. आम्ही सुरुवात केली तेव्हा आमच्यात गाडी कुणाकडेच नव्हती, त्यामुळे लोकलने कसारा, तिथून शेअर जीपने घोटी, घोटीला चहा-वडा आणि मग बारीवरून राजूरकडे जाणारी एसटी, असाच रस्ता होता, आणि अजून आत जायचं असलं तर राजूरला उतरून पुढची गाडी येईपर्यंत बसून राहायचं. आता बहुतेक ग्रुप रात्री टेम्पो ट्रॅव्हलरने निघतात, पहाटे पायथ्याला, संध्याकाळी परत. वेळ वाचतो हे मान्य, मीही तसा गेलोय.

पण मागच्या श्रावणात आम्ही चौघं पुन्हा ठरवून राजूरहून मुक्कामी गाडीने आतल्या एका गावात गेलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढच्या शनिवारी तिथे पन्नास कार उभ्या राहतील. मुक्कामी गाडी म्हणजे काय हे शहरातल्या नव्या मुलांना माहीत नसतं म्हणून सांगतो, ही गाडी संध्याकाळी शेवटच्या गावात पोचते, ड्रायव्हर-कंडक्टर रात्री तिथेच राहतात आणि सकाळी उजाडता उजाडता तीच गाडी परत निघते. गावाला सकाळी दवाखाना, कॉलेज, बाजार, कोर्टाची तारीख गाठायची तर तीच एक गाडी.

गाडीत खताची गोणी होती, पत्र्याचा डबा होता, पंच्याहत्तरी ओलांडलेले एक आजोबा होते, त्यांना आता प्रवास फुकट आहे, आणि बाजार करून परतणाऱ्या बायका होत्या, त्यांना 2023 च्या मार्चपासून अर्धं तिकीट. घाटात धुकं इतकं की पुढचं वळण दिसेना, आजोबांनी मला विचारलं कुठं चाललात, मी गडाचं नाव सांगितलं, तर म्हणाले पाण्याच्या टाक्याजवळची वाट खचलीय, वरच्या अंगाने जा. आमच्या मोबाईलच्या मॅपमध्ये ती वाट अजूनही चांगली दाखवत होती.

रात्री मारुतीच्या देवळात आम्ही एका बाजूला आणि ड्रायव्हर-कंडक्टर दुसऱ्या बाजूला. कंडक्टर दादा बॅटरीच्या उजेडात सुट्टे पैसे मोजत होते, पाचचे वेगळे, दहाचे वेगळे, शेवटी सगळं पिशवीत घालून पिशवी उशाखाली ठेवली. सकाळी सहाला गाडी चालू झाली, बेल मारायला दोरीला हात घातला तेवढ्यात वरच्या वाडीकडून एक मुलगी पळत येताना दिसली, एक वेणी बांधलेली, दुसरी सुटलेली, आणि त्यांनी हात खाली घेतला. ती चढली, धापा टाकत पास दाखवला, मग दोन वेळा बेल वाजली. आम्ही देवळाच्या पायरीवरून हे बघत होतो.

आता मुद्दा. एसटीत भारमान नावाची गोष्ट असते, म्हणजे गाडी किती भरून धावते त्याचा हिशोब, आणि भारमान कमी पडलं की फेरी बंद व्हायची टांगती तलवार असते. शनिवार-रविवारी त्याच रस्त्याने शेकडो लोक जातात पण सगळे आपापल्या गाडीतून, आणि एसटी निम्मी रिकामी जाते. फेरी गेली तर आपलं काहीच अडत नाही, त्या मुलीचं कॉलेज अडतं. एका एसटीत चाळीसेक माणसं बसतात, म्हणजे दहा कार रस्त्यावर कमी, बारीत मग कोंडी तरी कशाला होईल. मोठी बॅच नेणाऱ्यांनी निदान अख्खी एसटी प्रासंगिक करारावर घ्यावी, ही सोय कित्येक वर्षं आहे पण लग्नाच्या वऱ्हाडाशिवाय ती कुणाला आठवत नाही.

काजव्यांच्या दिवसांत तर हे जास्तच लागू आहे. मे संपता संपता पहिल्या पावसाआधी हिरडा, बेहडा, सादडा ही झाडं काजव्यांनी भरून जातात, नर लुकलुकून मादीला खुणावत असतात आणि तिथेच रात्रभर गाड्यांचे हेडलाइट फिरत राहतात. हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात चाललेलं असतं. संध्याकाळच्या गाडीने जा, गावात कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी खा, त्या घरालाही चार पैसे मिळतील, अंधारात पायी जाऊन बघा आणि सकाळच्या गाडीने परत या.

आणि संपादक साहेब, एक विनंती तुमच्याकडे. पुरवणीत गड-किल्ल्यांवर लेख येतात, मी कात्रणं काढून ठेवतो, पण त्यात ‘कसे जाल’ मध्ये मुंबईहून किती किलोमीटर आणि पार्किंग कुठे एवढंच असतं. तिथे एसटी कुठून सुटते, मुक्कामी गाडी आहे का आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे आगारात फोन करून खात्री करून छापाल का? दोन ओळीच लागतील.

आपला नियमित वाचक,
डोंबिवली