त्या अंगठ्याबद्दल

निपाणी
रविवार, सकाळ

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

"नुसता अंगठा दिला गं आई, त्यात काय एवढं," म्हणून तू परवा विषय मिटवलास. माझ्या डोक्यातून तो गेला नाही, म्हणून लिहायला बसले. नदीपलीकडून येणाऱ्यांना घाणेरडे म्हणणारा तो मेसेज तूच मला कौतुकाने दाखवला होतास, खाली तुझा अंगठा होता.

तुझ्याकडे होते तेव्हा तू कामावर गेलास की मी वाचनालयात जाऊन बसायचे. तिथे तुझ्याच गावाची एक जुनी गोष्ट हाती लागली. शाळेतली खोड, मुख्याध्यापक असा शब्द दिसला की मला पान उलटवत नाही.

1920 साली टेक्सासच्या सीमेवरच्या तुझ्या एल पासोची वस्ती 77,560, त्यातली निम्म्याहून जास्त माणसं मेक्सिकन मुळाची. नदीपलीकडे मेक्सिकोतलं हुआरेस. त्याआधीची दहा वर्षं मेक्सिकोत क्रांती पेटलेली. 1911 ची हुआरेसची लढाई तर तुमच्या गावचे लोक गच्चीवर चढून बघत होते, जत्रेतली कुस्ती बघावी तशी. पुढे निर्वासितांचे लोंढे आले आणि टायफसची, म्हणजे उवांतून पसरणाऱ्या तापाची धास्ती. पूल ओलांडून रोज धुण्याभांड्याला येणाऱ्या बायकांना कपडे काढायला लावून जंतुनाशकाने अंघोळ घालायचे. जानेवारी 1917 मध्ये कार्मेलिता तोरेस या 17 वर्षांच्या मोलकरणीने ती अंघोळ नाकारली आणि बघता बघता बायकांनी पुलावर ट्रामगाड्या अडवल्या. "घाणेरडे" हा शब्द तुझ्या गावात इतका जुना आहे.

1921 मध्ये तिथे कू क्लक्स क्लॅनची, म्हणजे गोऱ्यांचंच राज्य हवं म्हणणाऱ्या बुरखाधारी गुप्त संघटनेची शाखा निघाली, फ्रंटियर क्लॅन नंबर 100. प्रवेश फी दहा डॉलर, त्यातले चार भरती करणाऱ्या दलालाचे. चक्क कमिशनवर चालणारा धंदा! पण मला हादरा बसला तो वेगळ्याच गोष्टीने. ही माणसं मतं मागायला मारामारीची भाषा करत आली नाहीत. हुआरेसचे दारूचे गुत्ते, निवडणुकीतले घोटाळे, शाळांची दुरवस्था, असं सगळं सभ्य बोलणं. ऐकणाऱ्याला वाटावं, बरोबरच आहे की. 1922 मध्ये शाळामंडळ त्यांच्या हातात गेलं. मग कॅथलिक मुख्याध्यापकांना घरी बसवलं आणि शाळांना मेक्सिकोविरुद्ध लढलेल्या टेक्सासच्या वीरांची नावं दिली, जिथे निम्मी पोरं मेक्सिकन घरातली. मतं देणारे बहुतेक आईबाप बुरखा घालणारे नसणार. त्यांनी नुसता अंगठा दिला असणार.

तुला कधी सांगितलं नाही, पण आमच्या स्टाफरूममध्येही एकदा एक अर्ज फिरला होता. एका बाईंची बदली करा म्हणून. कारण लिहिलं होतं "शिस्त". खरं कारण त्यांचं आडनाव, हे चहा देणाऱ्या शिपायालाही ठाऊक होतं. माझ्यापर्यंत कागद आला तेव्हा अकरा सह्या झाल्या होत्या. बारावी सही मी केली. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा पुढ्यात होता, तो घाईने पुढे ओढल्याचं आठवतं. जूनमध्ये त्या बाईंची खुर्ची रिकामी होती.

असो. क्लॅन फार टिकलं नाही. फेब्रुवारी 1923 मध्ये महापौरपदाच्या लढतीत त्यांच्या पाठिंब्यावर उभा राहिलेला गार्डनर पडला, डडली निवडून आला. कॅथलिक, ज्यू, मेक्सिकन मतदार आणि डेमोक्रॅट पक्षाचे जुने पुढारी एकत्र आले. गावचं टाइम्स दैनिक क्लॅनच्या उघड विरोधात होतं. ते जुने पुढारी काही संत नव्हते हं, मत द्यायला तेव्हा कर भरावा लागे, गरिबांचा तो कर स्वतःच्या खिशातून भरून मतं पदरात पाडून घेण्यात त्यांची हयात गेली होती. पण त्या वेळी योग्य बाजूला उभे राहिले. पाठोपाठ शाळामंडळही क्लॅनच्या हातून गेलं. शाळांची नावं मात्र राहिली.

आणि त्याच फेब्रुवारीच्या 19 तारखेला तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातून गेलेल्या भगतसिंग थिंड यांना सांगितलं, तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिकत्व नाही. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचून मी चष्मा पुसला. पुढे सरकार पंडितांचंही नागरिकत्व काढून घ्यायला निघालं; ते भांडले आणि जिंकले. म्हणजे बाळा, ज्या वर्षी तुमच्या गावात ते मेक्सिकनांच्या शाळा ठरवत होते, त्या वर्षी तुला तर त्यांनी नागरिकच होऊ दिलं नसतं.

शाळामंडळ गेलं तेव्हा गावात रेमंड टेलेस नावाचा मेक्सिकन घरातला सात वर्षांचा मुलगा होता. 1957 मध्ये तो महापौर झाला. त्याच गावात ऑगस्ट 2019 मध्ये डॅलसकडचा एक पोरगा मेक्सिकनांवरच्या द्वेषापोटी दहा तास गाडी चालवून आला आणि 23 माणसं मारून गेला. तुझं घर तिथून किती लांब, हे मी तेव्हा नकाशावर बोटाने मोजलं होतं. तू त्या दिवशी गावात नव्हतास, तरी.

खालच्या मजल्यावरच्या मेक्सिकन बाईंनी, तुझ्या त्या सेन्योरांनी, मी आले तेव्हा तमालेस (मक्याच्या पिठाचे उकडलेले उंडे) दिले होते, निळ्या झाकणाच्या डब्यात. तो डबा अजून तुझ्याच ओट्यावर आहे, परवा व्हिडिओत दिसला. कुलकर्ण्यांच्या मुलाबरोबर शंकरपाळे पाठवतेय. अर्धे त्यात भर आणि देऊन ये. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत.

तुझी,
आई