बॅगेत चाकू नको, छत्री चालेल. पण आदेशात तसं लिहा

मा. संपादक,
स. न.

क्लाससाठी मुलीला लातूरला ठेवताना काही पालक वह्या-पुस्तकांबरोबर एक छोटा चाकूही बॅगेत टाकतात. ऐकीव सांगत नाही. मी क्रीडाशिक्षिका होते, त्यामुळे ओळखीच्या आया मलाच विचारतात, "बाई, कोणता घ्यावा?" माझं उत्तर एकच, कोणताच नको. झटापटीत चाकू हिसकावला जातो आणि मग तो मुलीवरच चालतो.

शिवाय आपल्याकडे सण, निवडणूक किंवा आंदोलन जवळ आलं की महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचा आदेश निघतो. आपल्याच दैनिकात तो आतल्या पानावर बारीक टायपात येतो. तलवारी, भाले, सुरे, सोटे, लाठ्या अशी यादी असते आणि पुढे शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू. या 'कोणतीही'त काय काय बसतं? श्रावणात छत्री घेतलेल्या मुलीला कोणी हवालदार अडवणार नाही, हे खरं. पण रात्रपाळी करून पायी घरी जाणाऱ्या नर्सच्या हातातल्या काठीचं काय? तिला ती माणसांआधी कुत्र्यांसाठी लागते. शारीरिक दुर्बलतेमुळे काठी वापरणाऱ्यांना आदेशात सूट असते. ती त्यात बसत नाही.

मिरची पुडीचा सल्लाही फार दिला जातो. वाऱ्याची दिशा चुकली तर ती आपल्याच डोळ्यांत जाते. आणि दरोड्याच्या तयारीतली टोळी पकडल्याच्या बातमीत दोरी, कटावणी यांच्या जोडीला नेमकी मिरची पूडच असते, हे वाचकांना सांगायला नको.

त्यापेक्षा हातात असतंच त्याचा उपयोग शिकवा. छत्री काठीसारखी फिरवायची नाही. गर्दीत तेवढी जागा नसते आणि समोरचा ती सहज धरतो. दोन्ही हातांनी आडवी धरून त्याला लांब ठेवायचं, अगदीच अंगावर आला तर टोक पोटात खुपसायचं. पाण्याने भरलेली लिटरभराची स्टीलची बाटली किलोहून जड भरते. सॅक पाठीवरून काढून पुढे घेतली की ढाल झाली. बोटांच्या फटीत किल्ल्या धरायचा प्रकार मात्र विसरा, त्यात आपलीच बोटं सोलतात. एसटीच्या गर्दीत सेफ्टी पिनेने काम भागवलेल्या बायका तर घरोघरी सापडतील, त्यांना कोणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. गळ्यात शिट्टी असावी. परीक्षा केंद्रावर पिनाही काढून घेतात, तिथून बाहेर पडताना घसा तरी मोकळा हवा. आमच्या मुलींना ओरडायचीच लाज वाटते, आणि सगळ्यात जास्त सराव मला त्याचाच घ्यावा लागायचा.

हे सगळं निसटून पळण्यापुरतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात. त्यातलंही कलम ३७ च (योगायोग बघा) सांगतं की बचावाला लागेल तेवढीच इजा करता येते. तो पळत सुटल्यावर मागे धावून डोक्यात बाटली घातली, तर गुन्हा आपल्यावर दाखल होऊ शकतो. मुलींना हे कोणी सांगत नाही.

माझ्या दोन मागण्या आहेत. जिल्हा प्रशासनाने शस्त्रबंदीच्या आदेशात एक ओळ वाढवावी की छत्री, बाटली, टॉर्च अशा रोजच्या वस्तू आणि रात्री कामावरून परतणाऱ्या बायकांची काठी यांना हा आदेश लागू नाही. आणि दामिनी पथकाने कॉलेजात येऊन नुसतं भाषण देऊन ११२ नंबर फळ्यावर लिहून जाऊ नये. पटांगणात मुलींच्या हातात छत्री द्यावी, अर्धा तास घाम काढावा. लातूरच्या ट्युशन एरियात रात्री क्लास सुटतात तिथूनच सुरुवात करता येईल. क्लासवाल्यांनी त्यासाठी एक तास सोडला तर पोर्शन काही मागे पडत नाही.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, अंबाजोगाई