ऑफर लेटर वाचायला शिकवणाऱ्या ताईला

प्रिय ताई,

नाव लिहायचं नाही असं तू बजावलं आहेस, म्हणून नुसतं ताई. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत, कारण अप्लाइड आर्ट आणि डिझाइनची मुलं शेवटचं वर्ष संपता संपता ज्या कात्रीत सापडतात, तिच्यातून तू मला सोडवलंस. कसं सोडवलंस ते त्यांच्याही कामी येईल.

माझ्या हातात दोन ऑफर होत्या. मुंबईतला छोटा टाइप स्टुडिओ, म्हणजे फॉन्ट घडवणारा, महिना ४० हजार. आणि बंगळुरूची एक प्रॉडक्ट कंपनी, म्हणजे स्वतःचं अॅप बनवणारी, वर्षाला ९ लाख. बाबा म्हणत, वर्षाला नऊ लाख कुठे आणि चार लाख ऐंशी हजार कुठे! मैत्रिणी म्हणत, तुला देवनागरी अक्षरांचं एवढं वेड, मग पैशाकडे काय बघतेस? तुला फोन केला तर तू म्हणालीस, "आवड की पगार हा वाद आधी बंद कर. दोन्ही लेटरं पाठव."

स्टुडिओचं लेटर नव्हतंच, व्हॉट्सअॅपवर चार ओळी होत्या. त्या तू लेखी मागायला लावल्यास: पद, सुट्ट्या, पीएफ आहे की नाही, केलेल्या कामावर नाव येणार की नाही. मला मागायला संकोच वाटत होता. "नोकरी देणाऱ्याला या प्रश्नांचा राग आला, तर तेही आत्ताच कळलेलं बरं," म्हणालीस. त्यांना राग आला नाही, दोन दिवसांत लेटर आलं.

मग कंपनीचं लेटर घेऊन बसलो. नऊ लाखांना बाराने भागून घरच्यांनी ७५ हजार धरले होते. तू एकेक ओळ सोडवत गेलीस. ७५ हजार जॉइनिंग बोनस, तोही वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. ९० हजार व्हेरिएबल, म्हणजे कंपनीच्या मर्जीचे. बेसिक, म्हणजे मूळ पगार, महिना ३० हजार, त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ, तोही याच नऊ लाखांत धरलेला. त्याच बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी, जी पाच वर्षं टिकल्याशिवाय दिसणार नाही. माझा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स वजा जाता दरमहा हातात साधारण ५२ हजार. त्यातून बंगळुरूचं भाडं आणि घरमालकाचं भलंमोठं डिपॉझिट. स्टुडिओत जाताना मी डोंबिवलीच्या घरातच राहणार होते. तुझी बेरीज-वजाबाकी बघून बाबाही गप्प झाले. पैशाचा फरक जवळजवळ उरलाच नव्हता.

आणि मग तू विचारलंस, "तुझं काम रोज कोण बघणार?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. कॉलेजात तर ब्रँडचं नाव, पॅकेज, शहर एवढंच बोललं जातं. तू सांगितल्याप्रमाणे मी दोन्हीकडे तो विचारला. स्टुडिओचे सर प्रामाणिक होते: ते महिन्यातले बरेच दिवस बाहेर असतात, दुसरं सिनियर कुणी नाही, तुझं तुलाच शिकावं लागेल. कंपनीच्या डिझाइन लीडने, म्हणजे डिझाइन टीमच्या प्रमुख बाईंनी, अर्धा तास दिला, आठवड्याच्या रिव्ह्यूमध्ये नवीन मुलांच्या स्क्रीन्सवर कशी चर्चा होते ते दाखवलं आणि म्हणाली, अॅप मराठी-हिंदीत आणायचंय, टीममध्ये देवनागरीची जाण असलेलं कुणी नाही. तुझ्या सांगण्यावरून पोर्टफोलिओचंही विचारलं. अॅप बाजारात आल्यावर माझं काम दाखवता येईल, असा ईमेल आला. मगच मी सही केली. बंगळुरूला जाण्याचा निर्णय तू घेतला नाहीस, मीच घेतला, आणि त्याबद्दल तुझे सगळ्यात जास्त आभार.

पहिलंच मोठं काम काय आलं माहितीये? "कुटुंबाची नोंदणी" असं लिहिलेलं बटण. इंग्रजीला पुरेल एवढीच ओळीची उंची ठेवलेली, त्यामुळे "कुटुं"चे उकार खालून कापले जात होते आणि "नों"चा अनुस्वार वरच्या कडेला चिकटत होता. रोमन अक्षरांना लागते त्यापेक्षा जास्त जागा देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार यांसाठी लागते आणि खाली उकारांसाठी. लीडने मला प्रिंट काढायला लावून लाल पेनाने प्रत्येक कापलेली जागा दाखवायला सांगितली. मग १६ च्या अक्षराला ओळीची उंची २० ऐवजी २६ ठरली, सगळ्या अॅपभर. अक्षरांचं वेड इथेही कामाला आलं, आणि चुकलं की त्याच दिवशी सांगणारं माणूस शेजारी बसलेलं होतं.

दिवाळीला घरी येतेय. आई म्हणाली आहे, तिला जेवायला बोलाव. तू आलीस की ते बटण फोनवर दाखवते, मराठीतलं.

तुझी,
डोंबिवलीची ज्युनियर