‘एएसव्ही १० दिले’, पण दहा काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दवाखान्यांतल्या कागदांवरच्या अशुद्धलेखनाची थट्टा खूप होते. पण ‘रुग्ण’चा ‘रूग्ण’ झाला म्हणून कोणाचे औषध चुकत नाही. चुकते ते गळलेल्या शब्दाने आणि नुसत्या आकड्याने.

भातलावणीच्या दिवसांत लेप्टोच्या (चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन देतात. मोठ्या माणसाला २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन कॅप्सूल, आठवड्यातून एकदा. पुडीवर घाईत ‘२ गोळ्या १ वेळ’ एवढेच लिहिले, की त्या रोज घेतल्या जातात. तीन आठवडे पुरायच्या सहा कॅप्सूल तीन दिवसांत संपतात आणि माणूस पुढे चिखलात तसाच उतरतो. लिहावे असे: ‘दर सोमवारी, जेवल्यावर, दोन्ही एकदम, भरपूर पाण्याबरोबर; लगेच आडवे होऊ नये.’ कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. त्यात मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि पुडीवरची जागा नेमकी तिथेच संपते. म्हणून ‘मनाई: गरोदर बाया, ८ वर्षांखालील मुले’ असे आधीच लिहिलेले बरे.

दुसरा कागद संदर्भ चिठ्ठीचा. फुरसे चावलेला रुग्ण आरोग्य केंद्रातून पुढे जातो, सिंधुदुर्गातून कधी थेट गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात. चिठ्ठीवर असते, ‘एएसव्ही १० दिले’. एएसव्ही म्हणजे सर्पदंशावरचे प्रतिविष. त्याची एक व्हायल, म्हणजे पावडरीची कुपी, विरघळवली की १० मिलिलिटर होते. मग दिली ती एक व्हायल की दहा? पुढच्या डॉक्टरला कळणार कसे? ‘१० व्हायल, सुरू २.१० दुपारी, दंश १२.४०, २० मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठले नाही’ एवढे लिहायला अर्धा मिनिट लागतो.

आकड्यांचे तर विचारूच नका. घाईतला मराठी ‘४’ इंग्रजी आठासारखा दिसतो; एका कागदावर एकाच लिपीचे आकडे ठेवावेत. ‘०.५’मधले पुढचे शून्य गाळले तर ५ वाचले जाते, ‘५.०’ लिहिले तर ५०. इन्सुलिनपुढे ‘युनिट’ हा शब्द पूर्ण हवा. इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा दिसून १० चे १०० होतात.

औषधे सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, हे मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच नियमात घातले. पण कॅपिटलमध्ये लिहिलेले अर्धे वाक्यही अर्धेच!

आरोग्य विभागाने लावणीआधी केंद्रांना ‘दर ……वारी’ असा रबरी शिक्का द्यावा आणि संदर्भ चिठ्ठीवर ‘…… व्हायल’ हा रकाना छापून घ्यावा.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी, कुडाळ