धिंगरीची पावडर आणि कोलेस्टेरॉलची गोळी

महोदय,

नाशिकच्या प्रदर्शनांत हल्ली धिंगरी मशरूमच्या पावडरीच्या डब्या सर्रास दिसतात. 'कोलेस्टेरॉल उतरवते', 'शाकाहारींसाठी बी-12' असे दावे त्यांवर छापलेले असतात.

धिंगरीत लोव्हास्टॅटिन निसर्गतःच असते, हे खरे. 1987 मध्ये अमेरिकेत कोलेस्टेरॉलवरचे औषध म्हणून मान्यता मिळालेले द्रव्य तेच. मात्र गोळीत ते मोजून घातलेले असते. धिंगरीत किती उतरेल, हे वाण, ती ज्यावर वाढवतात तो भुसा आणि काढणीनुसार बदलते. त्यामुळे डबीच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करणे धोक्याचे आहे. बी-12 तर नावापुरतेच. प्रथिनांचाही हिशेब करा: दहा किलो ताजी धिंगरी वाळून जेमतेम एक किलो राहते. चमचाभर, म्हणजे तीनेक ग्रॅम पावडरीत प्रथिने एक ग्रॅमही भरत नाहीत. त्यापेक्षा वाटीभर वरण बरे!

म्हणून धिंगरी खावी ती भाजी म्हणून. तिच्यातले बीटा-ग्लुकन हे तंतू आणि अर्गोथायोनिन हे अँटिऑक्सिडंट शिजवल्यानेही टिकतात. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या धिंगरीत ड जीवनसत्त्व जवळजवळ नसते, पण ते घरी तयार करता येते. छत्रीखालची पापुद्र्यांची बाजू वर करून ताटात पसरा आणि अकरा ते दोनच्या दरम्यान तासभर थेट उन्हात ठेवा. उन्हाने तिच्यातल्या अर्गोस्टेरॉल या द्रव्याचे ड-2 जीवनसत्त्व होते. खिडकीच्या काचेआड ठेवल्यास उपयोग नाही, कारण लागणारे अतिनील किरण काच अडवते. यंत्रात वाळवलेल्या पावडरीतही हे जीवनसत्त्व येत नाही, आणि डबीवर वाळवण्याची पद्धत क्वचितच लिहिलेली असते.

धिंगरी पाण्यात भिजत घालू नये, ब गटातली जीवनसत्त्वे पाण्यात उतरतात. नळाखाली झटपट धुवावी. सॅलडमध्ये कच्ची तर नकोच. पेशीभित्तीतले कायटिन पचायला जड असते, शिवाय काही त्रासदायक प्रथिने उष्णतेनेच निकामी होतात. सुटलेले पाणी आटेपर्यंत, आठ-दहा मिनिटे परतावी. बुळबुळीत झालेली किंवा आंबूस वास येणारी टाकून द्यावी.

अन्नपदार्थाने आजार बरा होतो असा दावा करायला 2018 च्या दावे व जाहिरातविषयक अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. अन्न व औषध प्रशासनाने प्रदर्शनांतल्या डब्याही तपासाव्यात आणि वाळवण्याची पद्धत व तारीख लेबलवर लिहायला लावावी.

– एक आहारतज्ज्ञ, नाशिक