वॉनलॉकहेडला राहायला गेलेल्या मुलास

चिपळूण

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

परवा नुसतं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला, त्याचा राग धरला असशील. ग्लासगोची खोली सोडलीस, वॉनलॉकहेडला घर घेतलंस, आणि आम्हाला कळवलंस कधी, तर सामान हलवून झाल्यावर. बाबा म्हणाले, तुझ्या कामाच्या पवनचक्क्या तिथून जवळ पडतात, पोराची दगदग वाचली. वाचली असेल. पण रात्री-अपरात्री काही झालं तर तुझ्या दाराशी येणार कोण? असो. हे लिहायचं नाही असं ठरवूनच बसले होते.

तुझ्या गावाबद्दल मिळेल ते वाचलं. स्कॉटलंडमधलं सगळ्यात उंच गाव म्हणे, आणि उंची ४६७ मीटर! आपला कुंभार्ली घाट याच्याहून उंच. बाबा हसलेच. मला मात्र बर्फाचं हसू आलं नाही. मेनॉकची खिंड बंद झाली की तू वर, आणि डॉक्टर, दुकानं सगळं खाली सँकरला.

वाचनालयाचं वाचून मात्र जीव हरखला. शिशाच्या खाणीत राबणाऱ्यांनी १७५६ साली वर्गणी काढून पुस्तकं घ्यायला सुरुवात केली. शेजारच्या लेडहिल्समध्ये तर १७४१ लाच. आपल्या चिपळूणचं लोटिस्मा वाचनालय १८६४ चं, त्याचाच आम्हाला केवढा तोरा! लेडहिल्सच्या खाणी बघायचा तो जेम्स स्टर्लिंग, तुझ्या गणितातल्या सूत्राचा तोच. त्याने कामगारांची पाळी सहा तासांची केली. सहा तास जमिनीखाली काढून वर आलेला माणूस पुस्तक हातात घ्यायचा, आणि तू? बारावीनंतर एक तरी धड वाचलंस का? नुसता तो मोबाइल. जाऊ दे, तुझं काम तरी कमी दमवणारं आहे का.

१८०३ मध्ये कवी वर्ड्‌स्वर्थ, त्याची बहीण आणि कोलरिज तुझ्याच गावावरून गेले. वाटेत पोरं भेटली, पायात काही नाही. शाळेत काय शिकता विचारलं, तर लॅटिन, व्हर्जिल. कुणी ग्रीक, होमर. कोलरिज जरा खोलात शिरायला लागला तशी सगळी पळाली. जोशीसर पाढे विचारायला आले की तूसुद्धा मागच्या दाराने असाच पसार व्हायचास. मग संध्याकाळी फणसाखालून तुला ओढून आणायचं काम माझं.

तुझ्या गावातल्या खाणीच्या त्या लाकडी तुळईच्या यंत्राचा फोटो बाबांनी मोठा करून बघितला. एका टोकाची बादली ओढ्याच्या पाण्याने भरली की जड होऊन खाली जाते, दुसऱ्या टोकाचा दांडा वर ओढला जातो आणि खाणीतलं पाणी उपसलं जातं. बादली रिती झाली की पुन्हा तेच. ना कोळसा, ना वाफ. आजीची कळशी विहिरीत घालवलीस ती असल्याच उद्योगात. तेव्हा मार खाल्लास, आता मोठमोठ्या पवनचक्क्यांच्या माथ्यावर चढतोस. समोरच्या काकूंना हे सांगताना माझा आवाज चढतो म्हणे.

पण खाणी १९३० च्या दशकात बंद पडल्या. १९०२ ला गावात आलेली रेल्वे १९३८ ला गेली. पोट भरायला माणसं पांगली. म्हणून विचारते, उरलंय कोण? तुझ्या भिंतीला भिंत लागून कोण राहतं?

जुलै २०२१ ला पुराचं पाणी जिन्याच्या वरच्या पायऱ्यांना लागलं तेव्हा तू पुण्याला होतास, फोन लागत नव्हता. बाबांना उचलून माडीवर चढवलं ते नदीमने. त्याच्याशी आपलं पागोळ्यांवरून किती वर्षांचं वाकडं, तुला माहीतच आहे. त्या दिवशी तो आधी आमच्याकडे आला, मग स्वतःच्या दुकानात गेला. दुकानात काही उरलं नव्हतं. तुझ्या त्या डोंगरावर मी नदीम कुठून आणू?

लेडहिल्सची ती छोटी आगगाडी हौशी मंडळीच चालवतात असं वाचलं. उन्हाळ्यात तिथे जा. तुझ्यासारखे हात त्यांना हवेच असतील. लाजत कोपऱ्यात उभा राहू नकोस, ताईच्या लग्नात राहिला होतास तसा. चहा घे म्हणाले तर घे. बर्फ पडायच्या आत शेजाऱ्यांकडे स्वतःहून जाऊन ये, रिकाम्या हाताने नको. परत उपदेश झाला. तिशीच्या माणसाला आई काय काय सांगते, असं म्हणशील. म्हण.

मेतकूट आणि कुळथाचं पीठ बापूकाकांच्या सुमितबरोबर पाठवते आहे. परसात मेथी-पालक लावशील, पण आधी माती तपासून घे, शिशाच्या खाणींचं गाव ते.

तुझी,
आई

ता. क. शेजारच्या बाईंचा फोन नंबर पाठव. त्यांना उगीच त्रास देणार नाही. माझं इंग्रजी तोडकंमोडकं आहे, पण ‘अमेय कुठे आहे’ एवढं विचारता येईल मला.