कडी लावू नकोस

चि. शलोमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा पाय मोडल्याचं आम्हाला चर्चच्या पाळकबाईंकडून कळलं. असो, त्यावरून भांडायला लिहीत नाही. मम्मी म्हणते, फोनवर तुमचा आवाज चढतो, त्यापेक्षा लिहा.

महिला मंडळाने डबा आणला तो तू दारातूनच परत केलास म्हणे. युवक संघातली ती मुलगी रात्री सोबतीला येते म्हणाली, तिलाही नको. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, बाथरूममध्ये ओल, आणि दाराला आतून कडी! पडलीस तर कोण कसं आत येणार? निदान कडी तरी लावू नकोस. लॅच ओढून घे आणि एक किल्ली समोरच्या काकूंकडे दे. मम्मीचा डोळा आत्ताच झालाय, नाहीतर पहिल्या एसटीने आलो असतो.

"मला कुणाचे उपकार नकोत" हे तुझं वाक्य मला ठाऊक आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले. जातीचा आणि विद्येचा अभिमान इतका, की हलकं काम करणं किंवा हात पसरणं त्या घराला जमलं नाही. हे बाईंनीच पुढे लिहून ठेवलंय. त्याच बाईंनी १८८७ मध्ये बोस्टनच्या लोकांकडून दहा वर्षांच्या मदतीचं वचन घेतलं, आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडलं. पुढे १८९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी मुली आणल्या, त्यांत माझी आजी होती. केडगावला बाईंच्या मुक्ती सदनात परक्यांनी धाडलेल्या पैशांवर जेवली, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकली. म्हातारपणीसुद्धा शेजारणीने वाटीभर कालवण दिलं की दोन्ही हातांनी घ्यायची. तिखट असलं तर तोंडावर सांगायची, पण घ्यायची. वाटी परत करताना त्यात साखर. तू तिला पाहिलं नाहीस. हट्ट मात्र तिचाच घेतलास.

रविवारच्या शाळेत तू बायबलमधला योहानाचा तेरावा अध्याय तोंडपाठ म्हटला होतास. प्रभू शिष्यांचे पाय धुवत होता, पेत्र पाय पुढे करेना, तेव्हा प्रभू म्हणाला, "मी तुला न धुतले तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही." कंपासपेटी मिळाली होती बक्षीस. घरी येताना पावसात भिजलीस, पण पेटी फ्रॉकमध्ये गुंडाळून कोरडी आणलीस. मला वाटतं पेत्राला स्वतः धुवायला सांगितलं असतं तर तो सगळ्यांचे पाय धुवत बसला असता. देणाऱ्याची मान ताठच राहते ना.

झालं, पुन्हा प्रवचन. माफ कर. शिक्षकी सुटली, खोड सुटत नाही.

करोनात तू अख्ख्या सोसायटीच्या दारांना डबे अडकवत फिरत होतीस. मी भीतीने रागवायचो आणि मंडळीत मात्र सगळ्यांना सांगत सुटायचो. त्यातलं एकही दार तुला "नको" म्हणालं नव्हतं.

रात्री बाथरूमला जाताना फोन हातात ठेव. आणि कडीचं बघ.

शनिवारी सायमनकाका येतोय. मम्मीने चटणी आणि लाडू दिलेत, सोबत थोडे पैसेही आहेत. त्याच्याकडून मुकाट्याने घे, आणि पाळकबाईंना स्वतः फोन करून उद्याचा डबा माग. पालेभाजी नको असेल तर तसं सांग, त्यांना राग येत नाही.

तुझा,
पप्पा